अपूर्णांक

माझ्याकडे एक ईपब फाइल आहे. तिने माझे चार फोन पाहिलेत. नवा फोन घेतला की फोटो, कॉन्टॅक्ट आणि ही फाइल, एवढं आधी हलवायचं हे ठरलेलं. फाइलमध्ये शेरलॉकची एक फॅनफिक आहे. प्रकरणं : २७/?

फॅनफिक वाचणाऱ्यांना हा अपूर्णांक समजावून सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन', लाडाने एओथ्री, हे फॅनफिकचं भलंमोठं कोठार. तिथे प्रत्येक कथेच्या माहितीत असा आकडा असतो. आधी झालेली प्रकरणं, मग एकूण होणारी. १२/१२ म्हणजे कथा पूर्ण. ९/१२ म्हणजे लेखिकेच्या डोक्यात आराखडा आहे, तीन यायचीत. आणि प्रश्नचिन्ह म्हणजे तिलाही अजून माहीत नाही. (लेखिका म्हणतेय, कारण मी वाचलेल्या जवळपास सगळ्या बायकाच निघाल्या.) यादी चाळताना एक चौकोनही दिसतो : फक्त पूर्ण झालेल्या कथा दाखवा. त्या चौकोनात टिक करणारे आणि न करणारे असे वाचकांचे दोन पंथ आहेत आणि दोन्हींना एकमेकांची कीव येते. मी दोन्हीकडे राहून आलेय.

२०१२ साली मी पुण्यात हॉस्टेलवर होते, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. एका सिनियरच्या हार्डडिस्कवरून बीबीसीचं 'शेरलॉक' माझ्यापर्यंत पोचलं. दोन सीझन, सहा भाग, तीन रात्री. दुसऱ्या सीझनच्या शेवटी तो हॉस्पिटलच्या गच्चीवरून उडी मारतो. जॉन त्याच्या थडग्यापुढे उभा राहून बोलतो. आणि मग कॅमेरा जरा सरकतो, तर हा पठ्ठ्या लांब उभा राहून बघतोय. जिवंत. कसा? संपलं. तो भाग लागला १५ जानेवारी २०१२ला आणि पुढचा येणार होता थेट १ जानेवारी २०१४ला. तेव्हा तर तारीखही कुणाला माहीत नव्हती.

तर या मधल्या जवळपास दोन वर्षांत जगभरच्या लोकांनी काय केलं? लिहिलं. तो कसा वाचला याच्या शेकडो तऱ्हा लिहिल्या, तो परत आल्यावर जॉन त्याला मिठी मारतो की ठोसा, हे लिहिलं, तो परत आलाच नाही असंही लिहिलं. मूळ मालिका अर्धवट लटकलेली होती म्हणून एवढं सगळं उगवलं. म्हणजे आपण 'अर्धवट कथा वाचावी का' असं विचारतो, तेव्हा हे विसरतो की मुळात फॅनफिक नावाचं प्रकरणच बरेचदा कुणीतरी सोडलेल्या अर्धवट जागेत उभं राहतं. खुद्द आर्थर कॉनन डॉयलने १८९३ साली होम्सला धबधब्यात ढकललं होतं आणि दहा वर्षांनी परत आणलं. तेव्हाच्या वाचकांची दया येते. त्यांच्याकडे एओथ्री नव्हतं.

माझ्या २७/? मध्ये जॉन लंडन सोडून समुद्राकाठच्या एका बारक्या गावात डॉक्टरकी करायला जातो. भाड्याच्या खोलीत, आधीच्या भाडेकरूच्या नावाने पत्रं येत राहतात. प्रत्येक पत्रात एक बारीकसं कोडं. जॉन करमत नाही म्हणून ती सोडवायला लागतो. वाचणाऱ्याला पाचव्या प्रकरणातच कळलेलं असतं की पत्रं कोण लिहितंय. जॉनला कळत नाही, किंवा तो कळू देत नाही. बस, एवढंच. दर आठवड्याला एक प्रकरण. तिच्याकडच्या गुरुवारी रात्री, म्हणजे आपल्या शुक्रवारी पहाटे. टूजीवर पान उघडायला इतका वेळ लागायचा की मी फोन उशाशी ठेवून ब्रश करून यायचे.

तेव्हा मला एक रूममेट होती. तीही वाचायची, पण फक्त पूर्ण. "हॉटेलात जाऊन अर्धी शिजलेली भाजी मागवतेस का तू?" असं तिचं म्हणणं. मी म्हणायचे, अगं, ही भाजी नाही, हे मंडईत बसून गप्पा मारणं आहे. कारण खरी मजा कथेखाली होती. तीसचाळीस नेहमीचे वाचक. त्यातली एक रात्रपाळी करणारी नर्स होती, ड्युटी संपल्यावर बसमध्ये वाचायची. एक जण प्रत्येक कोडं प्रकरण यायच्या आधीच सोडवून दाखवायचा आणि दर वेळी चुकायचा. मी तीन महिने नुसती वाचत होते. मग एकदा चार वेळा खोडून, ग्रामर तपासून एक कमेंट टाकली : आमच्याकडे पावसाळ्यात कागद इतका दमट होतो की कपाटात ठेवलेले कोरे पाकीटसुद्धा आपोआप चिकटतात. तिचं उत्तर आलं, दोन ओळींचं, की हे तिला माहीत नव्हतं.

एकोणिसाव्या प्रकरणात जॉनला ड्रॉवरमध्ये आधीच्या भाडेकरूचं एक रिकामं पाकीट सापडतं. दमट हवेने आपोआप चिकटलेलं. कुणी काही बंद केलेलं नसताना बंद झालेलं.

ते वाचून मी काय केलं हे सांगत नाही. पण हॉस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावर पहाटे साडेपाचला ओरडू नये, एवढं वॉर्डनबाईंनी मला सांगितलं.

सत्ताविसावं प्रकरण नोव्हेंबर २०१३मध्ये आलं. त्याच्या शेवटी दाराखालून एक पत्र आत सरकतं. त्यावर तिकीट नाही. म्हणजे ते पोस्टाने आलेलं नाही. जॉन जिना उतरतो, कडीला हात घालतो. खाली लेखिकेची टीप : पुढचं दोन आठवड्यांनी, नक्की.

पुढे काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. दोन आठवडे, दोन महिने. मध्ये खरी मालिका परत आली. तिच्या पहिल्याच भागात चाहत्यांच्या 'तो कसा वाचला' छापाच्या अंदाजांची जाहीर टिंगल होती, ती मला फारशी आवडली नाही. लोक नव्या सीझनकडे वळले. मी मात्र शुक्रवारी पहाटे उठत राहिले. सवयच लागली होती. २०१५च्या आसपास एकदा पाहिलं, तर कथा जागेवर, पण लेखिकेचं नाव गेलेलं. त्या जागी 'ऑर्फन अकाउंट'. एओथ्रीवर ही सोय आहे. कथा पुसायची नसेल, पण तिच्याशी आपला संबंधही नको असेल, तर ती अनाथ करता येते. शब्द त्यांचाच आहे. अनाथ कथेखाली तुम्ही काहीही लिहा, लिहिणारीला ते कळत नाही.

मी रडले. रूममेट म्हणाली, "बघ." एवढंच म्हणाली, हे तिचं मोठेपण. त्या दिवसापासून मी चौकोनात टिक केली.

पुढची पाचेक वर्षं मी फक्त पूर्ण कथा वाचल्या आणि खोटं कशाला बोलू, मजेत वाचल्या. लाख लाख शब्दांच्या कथा एका शनिवार-रविवारात. नीट आखलेल्या, पहिल्या प्रकरणात ठेवलेली बंदूक शेवटच्या प्रकरणात उडवणाऱ्या. पहाटेचे गजर नाहीत, कुणाच्या आयुष्यात काय बिघडलं असेल याचे विचार नाहीत. रहस्यकथा असेल तर मी आजही सांगेन की थांबा. ज्या कथेचा सगळा जीव शेवटच्या दहा पानांत आहे, ती त्या दहा पानांशिवाय वाचण्यात अर्थ नाही.

पण एक गोष्ट खटकायला लागली ती 'हॅरी पॉटर अँड द मेथड्स ऑफ रॅशनॅलिटी' वाचताना. एलिएझर युडकॉवस्कीची ही फॅनफिक फेब्रुवारी २०१० ते मार्च २०१५ अशी पाच वर्षं प्रकरणाप्रकरणाने येत होती. एकूण १२२ प्रकरणं. शेवटाकडे हॅरी पुरता अडकलेला असतो आणि तिथे लेखकाने वाचकांची परीक्षाच घेतली. साठ तास देतो, म्हणाला, हॅरी यातून कसा सुटेल ते तुम्ही सांगा. बरोबर उत्तर आलं नाही, तर तुम्हाला छोटा आणि दुःखी शेवट मिळेल. साठ तास लोक झोपले नसतील. मी ते २०१६ साली वाचलं. परीक्षा आली, मी अंगठ्याने स्क्रीन वर ढकलली, पुढच्या प्रकरणात उत्तर होतं. पाच सेकंद. कथा तीच, शब्द तेच. पण त्या लोकांनी जे वाचलं ते मी वाचलेलं नाही, हे मला नक्की ठाऊक आहे. पूर्ण झालेल्या कथांखाली मी कमेंटही करेनाशी झाले होते. आधीच सहाशे जणांनी लिहिलंय, आपण वेगळं काय लिहिणार? २०१२च्या कमेंटा वाचायचे, 'अगंबाई, आता काय होणार' वगैरे. दुसऱ्याच्या लग्नाची सीडी बघावी तसं.

मग २०२०चा मार्च. ऑफिस बंद, मी वाईजवळ आमच्या गावी. घरात आई, बाबा, आजी. आजी तेव्हा ऐंशीची होती आणि मामाने दिलेल्या फोनवर प्रतिलिपीवरच्या मालिका वाचायची. दोनशे, तीनशे भागांच्या. सासू, सून, गायब झालेला नवरा, परत आलेला नवरा. दुपारी चष्मा पुसून बसायची आणि नवा भाग आला नसेल तर लेखिकेवर चिडायची.

मी एकदा म्हटलं, "आजी, संपू दे ना सगळी. मग एकदम वाच."

ती म्हणाली, "आणि तोवर मी असायला नको का?"

हसत म्हणाली, पण मला एकदम काही बोलता येईना. तर तीच पुढे म्हणाली की तिने आख्खं आयुष्य क्रमशःच वाचलंय. लग्न होऊन आली तेव्हा गावात एकच साप्ताहिक यायचं, मास्तरांच्या घरी. तिथून चार घरं फिरून ते आजीकडे पोचेपर्यंत पुढचा अंक यायची वेळ झालेली असायची. त्यात एक क्रमशः कादंबरी होती. ऐन रंगात असताना एक अंक मधेच कुठेतरी गहाळ झाला. कुणी म्हणे गणपतीच्या गडबडीत हरवला, कुणी म्हणे पुड्या बांधायला गेला. आणि पुढच्या अंकात बघावं तर नायिका घर सोडून दुसरीकडेच आलेली, नवऱ्याशी बोलत नाही.

"मग?"

"मग काय, आम्ही दोघी जावांनी तांदूळ निवडता निवडता ठरवलं काय झालं असेल ते. ती मिरजेला बहिणीकडे गेली. बहिणीने तिला सांगितलं की तुझ्या नवऱ्याचं पत्र आलं होतं, मी तुला दिलं नाही. रोज थोडं थोडं. जाऊबाई तर बहिणीचा आवाज काढून बोलायच्या."

आजी आणि तिची जाऊ १९६०च्या आसपास वाईजवळच्या एका माजघरात फॅनफिक लिहीत होत्या. लिहीत नव्हत्या, बोलत होत्या. बऱ्याच वर्षांनी ती कादंबरी पुस्तक होऊन वाचनालयात आली तेव्हा आजीने आधी तेच प्रकरण काढलं.

"काय होतं त्यात?"

"टायफॉइड," आजी म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर साठ वर्षांपूर्वीचा वैताग जसाच्या तसा होता. "नुसता टायफॉइड झाला होता गं तिला. म्हणून हवापालटाला गेलेली."

त्याच आठवड्यात मी लिहायला घेतलं. मराठीत. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आमच्या घरात बाबांच्या लहानपणापासून आहे, पाठीचे कागद सुटलेल्या प्रतींमध्ये. माझ्या कथेत फुरसुंगीचा बन्या साठीचा झालाय. गाव पुण्याने गिळलंय, शेजारी कचरा डेपो आहे आणि त्या डेपोत एके दिवशी त्याला स्वतःची शाळेतली सायकल सापडते. ती तिथे कुणी आणून टाकली? बारा प्रकरणांचा आराखडा केला आणि छातीठोकपणे आकडा टाकला : १/१२.

इंग्रजीत, मोठ्या फॅंडममध्ये, वाचकांनी थांबायचं ठरवलं तर फारसं बिघडत नाही. हजारातले नऊशे थांबले तरी शंभर जण उरतात. मराठी फॅनफिकला मला मिळालेले वाचक मी नावानिशी मोजू शकत होते. अकरा. त्यातला एक जण प्रत्येक प्रकरणाखाली 'पुभाप्र' लिहायचा. पुढील भागाच्या प्रतीक्षेत. मराठी संकेतस्थळांवर हे इतकं घिसंपिटं आहे की आम्ही त्याची चेष्टा करायचो, पण रात्री दीडला प्रकरण टाकून सकाळी उठल्यावर ती तीन अक्षरं दिसली की काय होतं ते मला तेव्हा कळलं. आणि एकीने माझी कथा बुकमार्क करून ठेवली होती. बुकमार्कला टीप जोडता येते, ती सगळ्यांना दिसते. टीप अशी : 'पूर्ण झाली की वाचेन.'

मला राग आला. मग आठवलं की अशा टिपा मी स्वतः पाच वर्षं लिहीत होते. कुठल्याकुठल्या बायकांनी त्या वाचल्या असतील.

नऊ प्रकरणं झाली. ९/१२. आणि मग थांबलं.

का थांबलं, हे सांगायची मला लाज वाटते, कारण काही झालं नाही. त्या दिवसांत लोकांच्या घरात काय काय होत होतं. आमच्याकडे सगळे ठीक राहिले. मला नवी नोकरी लागली, कामाचे तास वाढले. दहावं प्रकरण उघडलं तर पहिल्या परिच्छेदात बन्या सायकलची चेन बसवत होता आणि मला त्याने पुढे काय करावं हे सुचेना. पुढच्या रविवारी बघू म्हटलं. त्या रविवारनंतर दुसरा आला. सहा महिन्यांनी फाइल उघडायचीही भीती वाटायला लागली. थकलेला हप्ता असला की बँकेचा नंबर उचलत नाही माणूस, तसं. पुभाप्रवाल्याने एकदा विचारलं, सगळं बरं आहे ना? मी उत्तर दिलं नाही. सगळं बरं आहे, फक्त मी लिहीत नाही, हे कसं सांगणार?

आणि तेव्हा २७/? आठवलं. त्या लेखिकेच्या गप्प होण्याची मी किती कारणं रचली होती. तिचा अपघात झाला. तिला कॅन्सर झाला. नवऱ्याने लॅपटॉप फोडला. एका रात्री तर ती गेलीच, असं समजून मी मनातल्या मनात तिला निरोपही दिला होता. तिचं खरंच काही झालं असेल तर मला माहीत नाही. पण बहुधा जॉनने कडी काढल्यावर बाहेर नेमकं काय असावं, हे तिला सुचलं नसेल. सत्तावीस आठवडे एवढी हवा भरल्यावर दारात उभं राहणारं कुणीही थोडं कमीच पडलं असतं. टायफॉइडच निघाला असता.

मी आता चौकोनात टिक करत नाही. डोळे मिटून उडीही मारत नाही. शेवटचं प्रकरण कधी आलं ते बघते, लेखिकेने आधी एखादी कथा पार पाडली आहे का ते बघते, स्थळ बघताना करतात तेवढी चौकशी करते. दोन वर्षं हललेली नसेल तर निदान माहीत असतं की आपण कशात शिरतोय. आणि वाचलं, तर खाली लिहिते. काहीतरी नेमकं, पाकिटासारखं. पूर्ण कथा वाचणाऱ्या त्या रूममेटला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे परत शुक्रवारी पहाटे उठणार तू." ती आता दोन मुलींची आई आहे. वाचायला वेळ मिळत नाही, म्हणून तीही हल्ली जे समोर येईल ते, जिथपर्यंत असेल तिथपर्यंत वाचते.

गेल्या महिन्यात गावी गेले होते. आजीची दृष्टी आता अधू झालीय. तिच्या मालिका मीच मोठ्याने वाचून दाखवते. सासू तीनशेबाराव्या भागात अजून गायब नवऱ्याची वाट बघतेय. वाचून झालं तशी आजी म्हणाली, "तुझ्या त्या फेण्याचं काय झालं?"

मी थक्क. तिने ती वाचलीय हेच मला माहीत नव्हतं. बाबांनी वाचून दाखवली होती म्हणे, नऊच्या नऊ. मुलांना लहानपणी फास्टर फेणे तिनेच वाचून दाखवला होता, तेव्हा तिचा हक्कच होता.

"अडकलं," मी म्हटलं.

"कुठे?"

सांगितलं. सायकल, चेन, आणि पुढे काही नाही. ती बराच वेळ गप्प बसली. मला वाटलं, झोप लागली. मग म्हणाली, "सायकल त्याच्या बायकोने टाकली असेल."

"आजी, त्याला बायको नाहीये कथेत."

"साठ वर्षांचा झाला ना? मग कुठेतरी असेल. मिरजेला असेल." आणि उशी नीट करत म्हणाली, "लवकर लिही. आणि टायफॉइड नको."

रात्री लॉगिन केलं. सगळ्यात आधी बारा खोडून प्रश्नचिन्ह टाकलं. पुभाप्रवाल्याच्या तीन वर्षांपूर्वीच्या प्रश्नाखाली उत्तर लिहिलं की हो, सगळं बरं आहे. मग दहावं प्रकरण उघडलं. बन्या अजून तिथेच बसला होता, हाताला ग्रीस लावून.